गणपतीत गाडी घेईना, आणि भावाशी अबोला

ठाण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय, वय ४४. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, घरी आई एकटी असते. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, त्यांची २०१४ ची पेट्रोल वॅगन आर गावच्या घरीच ठेवलीय, का तर रात्री-अपरात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी दारात असावी. शेजारच्या घरात चुलत भाऊ राहतो, त्याच्याकडे लायसन्स आहे. शिमग्याला गेले तेव्हा त्याला चावी देऊन सांगितलं, दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेव, बाकी काही करू नको. जूनमध्ये भावाने फोनवर सांगितलं की गाडी जरा जड घेतेय, तर हे म्हणाले चालू करत राहा, चार्ज होईल. गणपतीला गेले तर चावी फिरवल्यावर नुसतं कट-कट-कट, आणि डॅशबोर्डवरचे दिवे पेटतात, विझतात. तालुक्याहून मेकॅनिक आणला, त्याने बॉनेट उघडून दहा मिनिटांत सांगितलं की बॅटरी गेली, स्टार्टर गेला, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तोपण गेला असणार, चाळीस-पंचेचाळीस हजार धरून चाला. राग भावावर निघाला. "एवढं एक काम सांगितलं होतं, तेही नाही जमलं", हे आरतीला जमलेल्या माणसांसमोर. भाऊ एवढंच म्हणाला की मी दर रविवारी चालू करत होतो, आषाढ लागला तशी ती घेईनाशी झाली. तेव्हापासून तो घरात पाय ठेवत नाही, आई फोनवर रडते. वाचक विचारतात, गाडीवर एवढा खर्च करावा की मिळेल त्या किमतीला काढून टाकावी, आणि भाऊ सरळ खोटं बोलत असताना आपण होऊन त्याच्याशी का बोलावं?

दादा,

तुमच्या पत्रात गाडीपेक्षा भावाबद्दल जास्त लिहिलंय, म्हणून मी आधी त्याचंच घेते. तो खोटं बोलत नाहीये. मी काही तिथे नव्हते, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात त्याला खोटं बोलायची गरजच दिसत नाही, कारण इमानेइतबारे दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू केली तरी ती आषाढाच्या आसपास बंद पडणारच होती. थोडा हिशेब आहे, पण वाचाच.

गाडी लॉक करून ठेवली तरी ती पूर्ण झोपलेली नसते. घड्याळ, म्युझिक सिस्टिमची मेमरी, सेंट्रल लॉकिंग, इमोबिलायझर (बरोबर चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा), ईसीएम, सगळे थोडा थोडा करंट ओढत असतात. वीस-तीस मिलिअँपिअर धरा, बाहेरून बसवलेला अलार्म किंवा जीपीएस असेल तर त्याहून जास्त. तीस धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक, बॅटरीतली वीज मोजायचं हे माप) आणि आठवड्याला पाच. तुमच्या गाडीला साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे नुसती उभी राहूनच दर आठवड्याला तिचा सातवा हिस्सा जातो. आता परत भरते किती ते बघा. आयडलवर इंजिन फिरताना बॅटरीला दहा अँपिअर मिळतात असं अगदी हात सैल सोडून धरू, पाच मिनिटं म्हणजे तासाचा बारावा भाग, म्हणजे ०.८ आले. पाच गेले आणि एकसुद्धा पुरता आला नाही, असं आठवड्यामागून आठवडा. मार्चच्या मध्यापासून मोजायला घेतलं तर तीसच्या हिशेबाने मे महिन्यात तळ लागतो, वीसच्या हिशेबाने जून उजाडतो. भाऊ म्हणतो आषाढात बंद पडली. म्हणजे त्याने जे सांगितलं ते आकड्यांशी अगदी जुळतंय, आणि जूनमध्ये त्याने तुम्हाला फोन केला होता हे तर तुम्हीच लिहिलंय. जड घेतेय म्हणजे बॅटरी संपत आलीय, हे गाडीने सांगितलं, त्याने तुमच्यापर्यंत पोचवलं, आणि तुम्ही त्याला तेच करत राहायला सांगितलंत ज्याने ती भरत नव्हती.

यात तुम्हाला टोचायचा हेतू नाही हो. "आठवड्यातून पाच मिनिटं चालू करून ठेव" हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो, माझे वडीलही हेच सांगायचे आणि मीही कितीतरी वर्षं हेच करत होते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या बंद असताना फारसं काही ओढत नव्हत्या, तेव्हा तो चालून जात असेल. आता तो चालत नाही, उलट थोडं नुकसानच होतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, इंजिन पुरतं तापलं तर ती उडून जाते, पाच मिनिटांत तापत नाही, मग ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि थोडं ऑइलमध्ये राहतं, आणि तुमच्याकडे तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवाच ओली. चालू करायची तर रस्त्यावर काढून निदान अर्धा-पाऊण तास चालवायची, नाहीतर मग बॅटरीची वायर काढून ठेवायची आणि हातच लावायचा नाही. या दोन्हींच्या मधला जो मार्ग आपण सगळे धरतो तो सगळ्यात वाईट.

आता गाडीचं. त्या मेकॅनिकबद्दल मला वाईट बोलायचं नाही, गणपतीच्या दिवसात बिचाऱ्याला दहा ठिकाणी बोलावणी असतील. पण बॅटरी रिकामी असताना स्टार्टर गेलाय की ईसीएम गेलाय हे सांगताच येत नाही. कट-कट-कट असा भराभर आवाज म्हणजे स्टार्टरचा स्विच ओढला जातोय, पण मोटर फिरवायला शंभर-दीडशे अँपिअर लागतात ते मिळत नाहीत, व्होल्टेज पडतं, स्विच सुटतो, परत ओढला जातो. दिवे पेटून विझतात तेही त्यामुळेच. व्होल्टेज असं खालीवर झालं की ईसीएम काहीबाही वागतो, नको ते लाल-पिवळे दिवे लागतात, आणि चांगली बॅटरी लावल्यावर ते आपोआप जातातही. म्हणून कोणीही मोठा खर्च सांगितला की एकच विचारायचं, बॅटरी किती व्होल्ट दाखवतेय? आकडा न सांगता स्टार्टर बदला म्हणत असेल तर थांबायचं.

ज्यांची गाडी अशीच अडलीय त्या बाकीच्या वाचकांसाठी आवाजांचं थोडं सांगून ठेवते. चावी फिरवल्यावर काहीच नाही, दिवापण नाही, तर बॅटरी पूर्ण मेली किंवा टर्मिनल सुटलंय. दिवे झगझगीत आणि एकच "टक्" होऊन शांत, तर टर्मिनलचा गंज, अर्थिंगची वायर, नाहीतर खरंच स्टार्टर. इंजिन मस्त जोरात फिरतंय पण घेत नाहीये, तर बॅटरीला दोष देऊ नका, तिथे पेट्रोल, प्लग, उंदराने खाल्लेली वायर किंवा इमोबिलायझर बघायचा, डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत राहिलं तर गाडी चावी ओळखत नाहीये. बटण-स्टार्टवाल्यांनी आधी रिमोटमधला सेल बदलून बघा, बऱ्याच गाड्यांत तोपर्यंत रिमोट थेट बटणाला टेकवूनही काम होतं.

दिवाळीला जाल तेव्हा चावी हातात घेण्याआधी बॉनेट उघडा. तुमची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी पेंढ्याची उडवी असं लिहिलंय, तिथे उंदीर येणार नाहीत असं होणारच नाही. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, क्लिपा असतात, हाताने उघडतो. मी एकदा उघडला होता तर आत वाटीएवढं घरटं, काथ्या, पेंढा, सीटचा फोम असं बारीक कातरून अगदी मऊ गादी केलेली, आणि फिल्टरला आरपार भोक. ते तसंच राहून इंजिन चालू झालं असतं तर सगळं आत ओढलं गेलं असतं. वायरिंगवर बोट फिरवत जा, कुठे तांबं उघडं दिसतंय का बघा, दिसलं तर चावी फिरवूच नका, आधी इलेक्ट्रिशियन. काचेखाली वायपरपाशी जी जाळी असते तिथली आंबा-फणसाची पानं काढा, ती कुजून पाणी जायची भोकं बुजतात आणि मग पाणी गाडीच्या आत, पायांपाशी येतं.

मग टर्मिनल. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर पांढरी-हिरवट भुकटी साचलेली दिसेल, खारी हवा आणि पावसाळा म्हटल्यावर असतेच. लॉकडाऊननंतर माझी गाडी घेईना तेव्हा मी नवी बॅटरी बसवून घेतली, पैसे दिले, आणि महिन्याभराने परत तेच. शेवटी कळलं की गडबड त्या भुकटीची होती, जुनी बॅटरी बहुतेक ठीकच असावी. तेव्हापासून मी हे आधी करते. दहा नंबरचा पाना घ्या, आधी मायनसची काळी वायर सोडवा, मग प्लसची, हा क्रम चुकवू नका, कारण मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर जोरात ठिणगी उडते. गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा, भस्सकन फेस येतो आणि खालून चकचकीत शिसं दिसायला लागतं. साध्या पाण्याने धुवायचं, पुसून कोरडं करायचं, आता आधी प्लस लावायची मग मायनस, घट्ट, हाताने हलली नाही पाहिजे, आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात.

इथे मीटर लागेल. मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो, घ्याच, घरातल्या इतर कामांनाही होतो. गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ किंवा वर दाखवलं तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. तुमची बहुधा ११ च्याही खाली असेल. ती काढून तालुक्याला बॅटरीवाल्याकडे चार्जिंगला द्या, आणि हळू चार्ज करा असं मुद्दाम सांगा. ३५ ची बॅटरी साडेतीन अँपिअरवर रात्रभर, दहा-बारा तास. दोन तासांत करून देतो म्हणाला तर नको म्हणा. घरी चार्जर असेल तर पडवीत, मोकळ्या हवेत लावा, देवघरात समईजवळ किंवा चुलीपाशी अजिबात नाही, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि तो पेट घेतो. वर झाकणं असलेली बॅटरी असेल आणि पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं नको, फिल्टरचंही नको.

चार्ज होऊन आल्यावर एक रात्र नुसती ठेवा आणि सकाळी मोजा. साडेबाराच्या वर टिकली तर आशा आहे. सेल मारताना, म्हणजे चावी फिरवून इंजिन सुरू करताना, दुसऱ्याला मीटर बघायला सांगा, साडेनऊ-दहाच्या खाली कोसळली तर बॅटरी संपलीय. खरं सांगायचं तर तुमची वाचण्याची शक्यता कमीच वाटते, जून-जुलैपासून रिकामी पडलीय, एवढे दिवस रिकामी राहिली की आत प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते मग सुटत नाहीत. पण नवी घ्यावी लागली तरी चार-साडेपाच हजारांचं काम आहे, जुनी परत दिली की त्यातून काही कमी होतात. पंचेचाळीस हजार कुठे आणि हे कुठे.

जंपची वायर असेल तर क्रम लिहून ठेवा, घाईत सगळे चुकतात. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, बॅटरीला नाही. दुसरी गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा आणि मग आपली चावी. सुरू झाली की उलट्या क्रमाने काढायच्या. आणि दादा, गावाला अशा वेळी अख्खी वाडी धक्का मारायला धावून येते, प्रेमानेच येते, पण तुम्ही नको म्हणा. बॅटरी पूर्ण मेली असेल तर पेट्रोलचा पंप आणि ईसीएमलाच करंट नसतो, कितीही ढकला, ती घेणार नाही. त्यात तुमच्या घरासमोर उतार. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग काम करत नाही आणि ब्रेक दोन-तीनदा दाबले की दगडासारखे कडक होतात. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरू होतच नाही.

सेल मारताना पाच सेकंदांच्या वर चावी धरू नका, मध्ये मिनिटभर जाऊ द्या. स्टार्टर खरोखर जळतो तो असा, एकामागून एक वीस-वीस सेकंद मारून. इंजिन जोरात फिरूनही घेतलं नाही तर पेट्रोलकडे वळा. चावी ऑनवर आणली की मागच्या सीटखाली दोन सेकंद बारीक घूं असा आवाज यायला हवा, तो पंप. येत नसेल तर फ्यूज, नाहीतर परत उंदीर. आवाज येतोय पण घेत नाही, तर टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असू शकतं. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि अर्धी रिकामी टाकी सहा महिने कोकणातल्या पावसात म्हणजे त्याला पाणी भरपूर मिळालं. कॅनमधून पाच-दहा लिटर ताजं पेट्रोल आणून टाका, बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं. वार्निशसारखा उग्र वास येत असेल तर मात्र टाकी उपसून घ्यावी लागेल. सीएनजीवाल्यांनी हे जास्त लक्षात ठेवा, बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात, त्यामुळे त्यांच्या टाकीत तेच दहा लिटर वर्षभर पडून असतं.

सुरू झाली की आनंदाने लगेच रस्त्यावर नेऊ नका. अंगणातच दोन फूट पुढे, दोन फूट मागे करा. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर पावसाळ्यात मागचे लायनर ड्रमला चिकटतात, गाडी मागून खाली बसल्यासारखी होते आणि पुढे जात नाही, तिथे ॲक्सिलरेटर दाबून ओढाताण न करता चाक काढून ड्रमवर हलके ठोकून सोडवतात, ते काम मेकॅनिकला द्या. यापुढे उभी करताना हँडब्रेक नको, पहिला गिअर आणि चाकाला दगड. ब्रेक धरतायत ना ते बघा, टायरमध्ये हवा भरा, आणि टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो तो वाचा, शेवटचे दोन आकडे म्हणजे कुठल्या सालचा ते. २०१४ चेच टायर असतील तर वर नक्षी कितीही दिसू दे, आईला घेऊन रात्रीचं त्यांच्यावर जाऊ नका.

आता एक गोष्ट, जी तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच अडकले. "गाडी अजून बाबांच्याच नावावर आहे, इन्शुरन्स मी दरवर्षी ऑनलाइन भरतो." दादा, हे बॅटरीपेक्षा खूप मोठं आहे. मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, वारसाला गाडी तीन महिने वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. तुम्हाला तीन वर्षं झाली. हप्ता नियमित भरताय हे बरोबर, पण वारलेल्या माणसाच्या नावाची पॉलिसी पुढे चालू ठेवलीय म्हटल्यावर उद्या काही झालं तर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि गाडी तुमचा भाऊ चालवत असला तर पोलीस आणि कोर्टाचं लचांड त्याच्या मागे लागणार, तुम्ही ठाण्यात. मला माहीत आहे हे का राहतं, आरसीवरचं बाबांचं नाव काढायला हातच होत नाही. पण करा. मृत्यूचा दाखला, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र असं लागतं, सुरुवात परिवहनच्या वेबसाइटवरून होते, गाडी रत्नागिरीत नोंदलेली असेल तर तिथल्याच आरटीओचं काम. उशिराचा दंड भरावा लागेल, भरून टाका. नाव बदललं की पॉलिसीवरही बदलून घ्या. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नसेल तर तीही. आणि विकायची म्हटली तरी हे आधी करावंच लागेल, बाबांच्या सहीशिवाय ती दुसऱ्या कोणाच्या नावावर थेट जाणार नाही.

विकावी की ठेवावी, तर आत्ता, बंद अवस्थेत विकू नका, भंगाराचा भाव मिळेल. आधी बॅटरी लावून बघा. चालू झाली तर सगळं मिळून दहा-बारा हजारांत ती रस्त्यावर येईल असा माझा अंदाज आहे, टायर बदलावे लागले तर ते वेगळे. मग शांतपणे ठरवा. पण ठरवताना एक विचार करा, ही गाडी आईसाठी आहे म्हणता, तर गेले तीन महिने ती तिथे असून नसल्यासारखीच होती आणि तुम्हाला ते माहीतच नव्हतं. आईला काही झालं असतं तर भाऊ बंद गाडीची चावी फिरवत बसला असता. म्हणून १०८ चा नंबर आणि गावातल्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर आईच्या फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा, गाडी चालू असो नसो.

ठेवायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ती भावाला वापरायला द्या. बाजाराला जाऊ दे, पोरांना कुठे सोडू दे, काजू-आंब्याच्या दिवसात पेट्या नेऊ दे. आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर चालली तरी बॅटरी भरलेली राहते, ब्रेक चिकटत नाहीत, पेट्रोल शिळं होत नाही, उंदीर घर करत नाहीत. पेट्रोल तुम्ही घाला. "बाकी काही करू नको" या तुमच्या चार शब्दांनी गाडी बंद पडली, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं, आणि त्या माणसाने ते इतकं तंतोतंत पाळलं की दारातली गाडी सहा महिन्यांत एकदाही गेटबाहेर काढली नाही. त्याला गाडी वापरायची नसेल किंवा वेळ नसेल तर सक्ती नको, मग मायनसची वायर काढून ठेवायची पद्धत, वायर लावायला दोन मिनिटं लागतात, ती त्याला आणि आईलाही दाखवून ठेवायची. तशी ठेवली तरी दर महिना-दीड महिन्याने मीटर लावून बघावा लागतोच, कारण बॅटरी नुसती ठेवल्या ठेवल्याही थोडी उतरते.

भावाशी बोलायचं ते फोनवर नको. आणि तुम्ही चार माणसांसमोर बोललात, तर आता एकट्याला गाठून हळूच सॉरी म्हणणं पुरणार नाही, निदान आईसमोर आणि काकूसमोर म्हणा. लांबण लावायची गरज नाही. "तू सांगितलेलं बरोबर होतं, मला बॅटरीतलं कळत नव्हतं, जूनमध्ये तू फोन केलास तेव्हाच मी यायला हवं होतं." एवढं बस. तो कदाचित लगेच काही बोलणार नाही, असू दे. आषाढात गाडी बंद पडली तेव्हा त्याने परत फोन का केला नाही, हे तुम्हाला खुपतंय ना, तर तेही विचारा, पण उत्तर ऐकायला विचारा. लावणीचे दिवस, चिखलात सकाळ-संध्याकाळ, त्यात एकदा सांगितलं तर तुम्ही झटकलंत, परत सांगायची हिंमत झाली नसेल. तुम्ही त्याचे दादा आहात, तुमचा शब्द त्याला लागतो, म्हणून तर तो घरात येत नाहीये.

आणि बॉनेट उघडायच्या आधी त्याला हाक मारा. मीटर त्याच्या हातात द्या, लाल वायर प्लसला, काळी मायनसला, आणि आकडा त्यालाच वाचू दे. किती आला ते मला कळवा.